बेळगुंदीला पाठवलेले पाहुणे

एक अट हाय. हसायचं असेल तर पोट धरून हसा, पण आमच्या मंडळीसमोर हा विषय काढायचा न्हाय. तिनं मला अजून माफ केलेलं न्हाय, आणि च्या तिच्याच हातचा पिताय तुम्ही. विषय निघाला तर दुसरा कप मिळायचा न्हाय, आधीच सांगून ठेवतो.

तर ऐका, मी कसा सपशेल तोंडावर आपटलो ते.

मी बेळगावच्या खासबागेतला. एका हायस्कुलात हेडक्लार्क. गल्लीत मला सगळे अण्णा म्हणतात. आणि ते नको असलेले फोन येतात न्हवं, लोन घ्या, कार्ड घ्या, तुमचं पार्सल अडकलंय, तुमचं सिम बंद पडणार, त्या फोनांच्या बाबतीत तर मी गल्लीचा डॉक्टर होतो म्हणा की!

बाकीचे लोक काय करतात? फोन कट करतात. मी कट करत न्हवतो. मी खेळवायचो! एकदा एका बाईचा फोन आला, "सर, लोन चाहिए क्या?" म्हटलं, "चाहिए ना! लेकिन जामीन तुम रहना पडेगा. रहती क्या?" तिनंच फोन ठेवला. एकाला मी अर्धा तास माझ्या गुडघेदुखीची कथा सांगितली. बिचारा शेवटी म्हणाला, "अंकल, तिळाचं तेल लगाओ," आणि पळाला.

हळूहळू माझं नाव झालं. गल्लीत कुणाचा फोन वाजला आणि नंबर अनोळखी दिसला, की तो माणूस पळत माझ्याकडं. "अण्णा, आला बघा एक! घ्या, घ्या लवकर!" मग फोन स्पीकरवर, कट्टा भरलेला, आणि मधे मी. आमच्या शेजारचा गजू सुतार तर रंधा खाली टाकून यायचा. हसून हसून त्याच्या डोळ्यातनं पाणी यायचं. आणि मला वाटायचं, वा अण्णा, काय डोकं हाय तुझं!

आता तुम्ही विचाराल, खरा फोन कुठला आणि लफंग्याचा कुठला, हे कळायचं कसं? त्यावर माझा एक सिद्धांत होता. समोरचा मराठीत बोलला तर आपला माणूस. कन्नडात बोलला तर हापिसातला न्हायतर बाजारातला. आणि हिंदीत सुरुवात केली की समजायचं, पक्का लफंगा! बेळगावात सरळ माणूस कशाला हिंदीत फोन करंल? हाय का न्हाय? गल्लीला हा सिद्धांत तोंडपाठ होता.

सगळ्यात जास्त छळलं ते सोलारवाल्यांनी. छपरावर पॅनेल बसवा म्हणून रोज एक नवीन नंबर. बोलायची पद्धत मात्र एकच, "सर, हमारा आदमी आपके घर आ रहा है, पता बोलिए." मी पत्ता द्यायचो की! जवळच्या बेळगुंदी गावाचा. माझा चुलतभाऊ तुकाराम तिथं असतो, त्याचा.

तुकाचाच का? सांगतो. बेळगुंदीच्या जत्रेला मी गेलतो. तुकानं पहिल्या पंगतीला स्वतःच्या सासरवाडीची माणसं बसवली आणि मला, सख्ख्या चुलत्याच्या पोराला, बसवलं शेवटच्या पंगतीला! माझ्या ताटात काय आलं? नुसता रस्सा. मटणाचा तुकडा औषधाला न्हाय. तवापासनं आमचं बोलणं बंद. म्हटलं, जाऊ देत सगळे सोलारवाले तुकाच्या दारात. जायचं मात्र कुणीच न्हाय, पण मला आपलं समाधान.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

माझी एकुलती एक पोरगी, रूपा. शिकलेली, एका कंपनीत कामाला, घरात बसून लॅपटॉपवर काम करती. तिच्यासाठी आमच्या आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, एक स्थळ आणलं. आक्का निपाणीला असते. मुलगा निपाणीचाच, इंजिनिअर, कोल्हापुरात नोकरी, निर्व्यसनी, घरची तंबाखूची शेती. खरं सांगतो, असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं न्हाय. आमची मंडळी तर ते ऐकल्यापासनं देवापुढं रोज तुपाचा दिवा लावत होती. मलाबी रात्री झोप लागंना. पोरीचं चांगलं व्हावं, एवढंच हो, बापाला दुसरं काय पाहिजे असतं?

आक्कानं फोनवर बजावलं होतं, "बाळू, मुलाचे मामा-मामी आधी येऊन जातील. तारीख-बिरीख सांगणार न्हाईत. अचानक घर बघायचं, माणसं कशी हाईत ते बघायचं, मग पुढचं. कवाबी येतील रं, तयारीत राहा."

"तू काळजीच करू नकोस आक्का," मी म्हटलं. "मामांचा नंबर दिलायस न्हवं? मी 'पाहुणे' म्हणून सेव्ह केलाय."

तयारी तर अशी केली म्हणता! दाराला नवा पडदा. कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा आणून फ्रिजात. मंडळीनं पाहुण्यांसाठी वेगळ्या कपबशा काढल्या आणि मला जुन्या कानतुटक्या कपातनं च्या सुरू झाला.

आणि रविवारी सकाळी, मी कट्ट्यावर गजूबरोबर बसलेला असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर. गजूचे डोळे चमकले.

"घ्या अण्णा, स्पीकरवर घ्या!"

घेतला.

"हॅलो, नमस्ते साब. हम खासबाग में आए हैं. आपका घर किधर पडता?"

हिंदी! मी गजूला डोळा मारला. गजूनं आधीच तोंडावर हात धरला.

"खासबाग?" मी म्हटलं. "अरे भाई, खासबाग का घर तो कवाच छोड दिया हमने! अभी पिरनवाडी में रहते. आओ, आओ!"

"लेकिन साब, हमको तो खासबाग बोला था..."

"किसने बोला? जिसने बोला उसको कुछ मालूम नहीं. तुम पिरनवाडी आओ."

"साब, गाडी में बडे लोग बैठे हैं..."

"बडे लोग को भी लेके आओ! बडे लोग के बिना मजा क्या!"

गजू कट्ट्यावरनं खाली पडायचा बाकी होता. म्हणाला, "अण्णा, आज म्यानेजरलाच घेऊन आलाय वाटतं!"

"येऊ दे. म्यानेजरलाबी बेळगाव दाखवू."

थोड्या वेळानं परत तोच नंबर. "साब, पिरनवाडी आ गए. अब?"

आता इथं शहाण्या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजायला पाहिजे होतं. आजपर्यंत एक सोलारवाला कधी गल्लीच्या टोकापर्यंत आला न्हवता, आणि हा गाडी घेऊन पार गावाबाहेर पिरनवाडीला पोचला! पण माझ्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं होतं. समोर गजू टाळी द्यायला हात पुढं करून बसलेला.

"पिरनवाडी में मत रुको. बेळगुंदी आओ. तुकाराम का घर पूछो, कोई भी बतायेगा. बोलना, खासबाग के अण्णा ने भेजा है."

"साब, एक मिनट, मामाजी बात करते..."

मामाजी! म्हणजे बघा, देवानं त्या फोनमधनं माझ्या कानात शब्द ओतला होता. आणि मी काय केलं? म्हटलं, "मामाजी को बोलो, वहीं मिलेंगे," आणि फोन कट. नुसता कट न्हाय, नंबर ब्लॉक केला! गजूनं दोन्ही हातांनी टाळी दिली. मी घरात जाऊन मंडळीला म्हटलं, "आज एकाला बेळगुंदीला धाडलं बघ!" ती म्हणाली, "तुमास्नी दुसरा उद्योग न्हाय." इतकी वर्षं ऐकतोय, तिचं कधी चुकलं म्हणून न्हाय.

पाच वाजले असतील. आक्काचा फोन.

"बाळू! अरे बाळू! पसंत पडली रं पोरगी!"

मी खुर्चीतनं उठलोच. "काय सांगतीस आक्का!"

"आत्ता मामांनी घरी येऊन सांगितलं. लई खूश हाईत. मामी तर म्हणत्यात, पोरगी म्हणजे लक्ष्मी हाय. माणसं सोन्यासारखी हाईत म्हणे."

मी ओरडून मंडळीला बोलावलं. तिनं देवापुढची साखर आणून माझ्या तोंडात कोंबली, रूपाच्या तोंडात कोंबली, गजू दारात आला तर त्याच्याबी. मला तर रडूच आलं हो. माझ्या पोरीचं नशीब उघडलं म्हणून फोन कानाला तसाच धरून मी डोळे पुसत होतो.

आक्का पलीकडनं बोलतच होती. "घर आवडलं. अंगण आवडलं. म्हशी तर इतक्या आवडल्यात म्हणतोस..."

माझ्या तोंडातली साखर तोंडातच राहिली.

"म्हशी? आक्का, आमच्याकडं म्हशी कुठल्या?"

"आता मला काय माहीत? तू घेतल्या असशील."

"खासबागेत म्हैस ठेवू कुठं? बेडरूममधे?" मी म्हटलं. "आणि आक्का, पाहुणे आलते कवा? आमच्याकडं तर कुणीच आलं न्हाय!"

गजू हळूच म्हणाला, "अण्णा... गाडीतले बडे लोग..." आणि साखर न गिळताच पसार झाला. गावभर मला टाळ्या देणारा माणूस, नेमक्या वेळी पाठ दाखवून गेला बघा!

मग एकेक उलगडा झाला. मामांना फोनवर नीट ऐकू येत न्हाय, म्हणून त्यांनी बोलायचं काम ड्रायव्हरकडं दिलेलं. ड्रायव्हर चिकोडीकडचा, घरात कन्नड बोलणारा. त्यानं विचार केला, हे अण्णा मराठी की कन्नड, कोण जाणे. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच हाय. अनोळखी माणसाशी कन्नडात बोलावं तर तो मराठी निघतो, मराठीत बोलावं तर कन्नड निघतो. उगाच पहिल्याच शब्दाला कुणाचं मन दुखायला नको म्हणून शहाणा माणूस मधली हिंदी धरतो. अहो, मी स्वतः बँकेत आणि बसमधे हेच करतो! पण सिद्धांत मांडताना स्वतःकडं बघतंय कोण?

मी घाईघाईनं तो नंबर अनब्लॉक केला आणि ड्रायव्हरला फोन लावला. त्यानं कट केला. परत लावला. परत कट. समोरच्यानं तोंडावर फोन कट केला की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाव आलं, तुका. जत्रेपासनं पहिल्यांदा!

"अण्णा..." आवाज भरलेला. "अण्णा, मी तुला शेवटच्या पंगतीला बसवलं, आणि तू माझ्या सविताला एवढं मोठं स्थळ पाठवलंस?"

"तुका, ऐक जरा..."

"काय ऐकू? मला बोलू दे. पाहुणे दारात आले, म्हणाले खासबागेच्या अण्णांनी पाठवलंय. मी म्हटलं, अण्णा माझ्यावर रुसलाय असं मला वाटत होतं, आणि त्याच्या मनात हे होतं! अरे, सविता गोठ्यात होती. तशीच हातपाय धुऊन च्या घेऊन आली. मामींना तेच आवडलं."

"आणि नाव विचारलं न्हाय त्यांनी?"

"विचारलं की. सविता म्हटल्यावर मामी म्हणाल्या, घरात रूपा म्हणत असाल. मी म्हटलं, तुम्हाला आवडत असेल तर रूपा म्हणा!"

आडनाव एकच, अण्णांचा निरोप, पोरगी लग्नाची, म्हणून मामांनी तुकालाच रूपाचा बाप धरलं. फोटो होता तो मुलाच्या मोबाइलात, मामा-मामींनी बघितलेला न्हवता. कुणाची चूक काढायची सांगा! तुका तिकडं लहान पोरासारखा रडत होता. मला कसं म्हणवणार, की बाबा, मी ते पाहुणे सोलारवाले समजून तुझ्या अंगावर घातले होते?

आक्कानं दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं. मी देवाला हात जोडून बसलेलो. तिचा फोन आला. "बाळू, मामी म्हणत्यात, झालं ते झालं, आमचं मन त्या पोरीवर बसलं. आणि पत्ता सांगताना जो बाप असं करतो, त्याच्या घरात..." पुढचं आक्कानं सांगितलं न्हाय. मीबी विचारलं न्हाय.

मंडळीनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. ताट असं आदळायची, की गजू तिकडनं विचारायचा काय पडलं. रूपा मात्र शांत होती. मला वाटलं, चला, पोरगी तरी समजूतदार हाय.

"पप्पा," एक दिवस ती म्हणाली, "स्थळ गेल्याचं मला एवढं वाईट वाटत न्हाय. पण तो माणूस तुम्हाला सांगत होता की, मामाजी बोलतात म्हणून. तुम्ही कुणाचं ऐकूनच घेत न्हाय. माझंबी न्हाय घेत."

लई लागलं मला ते. त्याच दिवशी ठरवलं, इथनं पुढं प्रत्येक फोन घ्यायचा. भाषा कुठलीबी असो, गोड बोलायचं. समोरच्याचं पूर्ण ऐकायचं.

सविताचं लग्न बेळगुंदीत झालं. तुकानं मला मांडवात बोलावून सगळ्यांदेखत पटका बांधला. माइकवर सांगितलं, "हे लग्न आमच्या अण्णांनी जमवलं!" टाळ्या पडल्या. मी पटका सावरत मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस हाय! आणि पंगतीला? पहिल्या पंगतीला, पहिल्या पाटावर. घास मात्र उतरंना, कारण समोर मंडळी बसली होती आणि ती माझ्याकडंच बघत होती.

आता शेवटचं.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी आक्का म्हणाली, संकेश्वरकडचं एक स्थळ हाय, ते लोक फोन करतील. म्हटलं, करू देत. ह्या वेळी चूक न्हाय.

रविवारी फोन आला. अनोळखी नंबर. "नमस्ते सर, हम आपके घर आ रहे हैं, पता बोलिए."

"आइए, आइए!" मी उभा राहूनच बोललो. सगळा पत्ता दिला. कोपऱ्यावरचं दुकान, आमचा जिना, दाराचा रंग. वरनं सांगितलं, "कन्नड, मराठी, जो पसंद है वो बोलो. हमारा कुछ भी चलता!" त्यांना न्यायला गजूला गल्लीच्या टोकाला उभा केला. मंडळीनं शिरा टाकला. रूपा "पप्पा, आधी विचारा तरी कोण हाईत" म्हणत होती. मी म्हटलं, "गप गं! पाहुण्यांना असं विचारतात व्हय?"

दोघं आले. इस्त्रीचे शर्ट, हातात बॅगा, तोंडात गोड मराठी. मी बसवलं, पाणी दिलं, शिरा दिला. दुसऱ्यांदा वाढला. रूपा च्या घेऊन आली.

त्यातल्या मोठ्यानं कप घेतला आणि विचारलं, "मॅडम, महिन्याला लाइट बिल किती येतं हो?"

मी मनात म्हटलं, बारीक चौकशी करणारी माणसं दिसतात. घरखर्च जोखतात. बरंय.

रूपानं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ थरथरायला लागले. ती तशीच आत पळाली. मला वाटलं, लाजली पोरगी.

"आणि अण्णा, गच्ची बघू का? टेप आणलाय आम्ही."

आतनं रूपाच्या हसण्याचा आवाज आला. मग मंडळीचा कपाळावर हात मारल्याचा. आणि मग त्या भल्या माणसानं खिशातनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्याच्यावर पिवळाधमक सूर्य छापलेला.

काय करणार? शिरा खाऊन बसलेल्या माणसाला हाकलता येतं व्हय? गच्चीवर नेलं. माप झालं. आता ते काळे पॅनेल तुम्हाला इथनं दिसतात न्हवं? तेच.

जाताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. तो मोठा चप्पल घालता घालता थांबला. जरा इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात, अगदी पोटतिडकीनं म्हणाला,

"अण्णा, राग मानू नका, तुम्ही भोळे दिसता म्हणून सांगतो. असा कुणाचाबी फोन आला की लगेच घरचा पत्ता देत जाऊ नका हो. हल्ली लई लफंगे झाल्यात."